पदवी झाली आणि मुलगी म्हणते शेतावर राबायला जाते

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीची पदवी झाली, मार्क चांगले आहेत, आणि आता पुढच्या ॲडमिशनच्या आधी सहा महिने एका सेंद्रिय शेतावर राहून काम शिकणार, तिथलंच ताजं खाणार, पगार बिगार काही नाही असं ती म्हणतेय. तुम्हाला दोन भीत्या, एक वर्ष वाया जाईल, दुसरी ही फुकटची मजुरी तर नाही ना. आणि मिस्टर म्हणतात नुसती फोटो काढायला चाललीय.

पहिली भीती सोडा, दुसरी मात्र धरून ठेवा.

बिनपगारी शेतावर राहायची ही पद्धत काही नवीन नाही. वूफ म्हणून जे नेटवर्क आहे ते 1971 साली इंग्लंडमध्ये सू कोपार्ड नावाच्या बाईंनी सुरू केलं, शहरातल्या माणसांनी शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर जाऊन हात मातीत घालायचे एवढीच तेव्हाची कल्पना, आता ते बऱ्याच देशांत पसरलंय. हिशोब असा की दिवसाला साधारण चार ते सहा तास काम, बदल्यात जेवण, झोपायला जागा आणि शिकवणं. यातलं तिसरं काही ठिकाणी सोयीस्करपणे विसरलं जातं. म्हणून शेतमालकाला सरळ विचारा, किती तास, सुट्टी कधी, झोपायची खोली कशी, आणि सोबत काम कोण करणार. आधी राहून गेलेल्या दोघांशी तरी फोनवर बोला. दिवसभर तण काढायला लावलं आणि ते आत्ताच का काढायचं हे कोणी सांगितलंच नाही तर ती मजुरीच, मग भले जेवण कितीही ताजं असो. परदेशातलं शेत असेल तर अजून एक, टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी काम केलं तरी बऱ्याच देशांत ते कामच धरतात, तेव्हा दूतावासाला आधी विचारून घ्या.

आता शिकायला काय मिळतं. साधा कंपोस्टचा ढीग घ्या. पुस्तकात वाचायचं की कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण 25 ते 30 ला 1 हवं, पाठ होतं, परीक्षा झाली की जातं. तिथे सकाळी ढिगात हात घातला की चटका बसतो, आत 55-60 डिग्री असतं, पलटला की वाफ निघते, आणि नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला की कळतं ओला कचरा, म्हणजे नत्र, जास्त झालाय, वाळलेला पाला, म्हणजे कर्ब, टाका. चार वेळा हे केलं की प्रमाण हातात बसतं.

खाण्याचंही तसंच, तुम्ही त्याला हौस म्हणताय पण तो ट्रेनिंगचाच भाग आहे. मटाराची शेंग वेलावरून तोडून तिथल्या तिथे खाल्ली आणि तीच दुसऱ्या दिवशी खाल्ली तर फरक लगेच लागतो, कारण तोडल्यापासून दाण्यातली साखर कमी व्हायला लागते. पालेभाजी उन्हं चढायच्या आत का तोडायची, तोडल्यावर लगेच सावलीत का न्यायची, हे कोमेजलेली जुडी एकदा स्वतः चिरून खाल्ली की परत सांगावं लागत नाही. बाकी ताजं म्हणजे रोज आवडीचं नव्हे हे तिला आत्ताच सांगून ठेवा. भोपळ्याचा हंगाम असेल तर भोपळाच! मी एकदा अशा शेतावर आठ दिवस राहिले होते, तिसऱ्या दिवशी कंबर गेली आणि पाचव्या दिवशी भोपळ्यावरची वासना, पण भूक मात्र अशी लागायची की तोच दोनदा वाढून घ्यायचे.

माझी अट एकच, सहा महिने एकाच शेतावर. पंधरा पंधरा दिवस चार ठिकाणी फिरली तर ती सहल झाली. पेरणीपासून काढणीपर्यंत एक तरी पीक तिच्या डोळ्यासमोर गेलं पाहिजे, मधे कीड पडलेली, पाऊस लांबलेला, सगळं बघून. आणि रोज वही, तारीख घालून, काय पेरलं, काय टाकलं, किती निघालं. पुढे मृदाशास्त्र असो, फूड टेक्नॉलॉजी असो, बियाण्यांचं काम असो, इंटरव्ह्यूला ही वही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या तपासणीत तर करिअरच आहे, तिथे जमीन सेंद्रिय धरायला साधारण दोन ते तीन वर्षं लागतात आणि त्या काळातल्या नोंदी वाचणारा माणूस लागतोच. स्वतःची शेती करते म्हणाली तर मात्र घाई नको, सहा महिन्यांत काम कळतं, धंदा कळत नाही.

जायच्या आधी ॲडमिशन घेऊन ठेवता येते का, पुढच्या वर्षी जॉइन होते म्हणून लेखी परवानगी मिळते का ते कॉलेजला विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. बूट नवे कोरे देऊ नका, आठवडाभर घरात घालून मऊ केलेले द्या.

आणि मिस्टरांना म्हणावं काढू दे की फोटो, दर रविवारी त्याच वाफ्याचा, त्याच जागेवर उभं राहून काढला तर वहीत चिकटवायला उपयोगी पडेल.