आजीकडचा अडकित्ता ‘वडिलोपार्जित’ कसा?

नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांना आजीच्या आईचा पितळी अडकित्ता सापडला. तो काचेच्या कपाटात मांडून त्यांनी खाली चिठ्ठी लावली, ‘आमचा वडिलोपार्जित अडकित्ता’. भाऊ म्हणतो शब्द चुकला, वस्तू आईकडून आली, त्यात वडिलांचा काय संबंध? सून म्हणते, सरळ ‘विंटेज’ लिहा. तर बरोबर काय?

ताई, चिठ्ठी बदलू नका.

‘वडील’ म्हणजे बाप एवढंच धरून बसणाऱ्यांचा मला आताशा फार राग येतो. वडील बहीण, वडीलधारी माणसं, वाडवडील, वडीलकीचा मान, हे सगळं आपण रोज बोलतो आणि अर्थ विचारला की फक्त बाप सांगतो. प्राकृतात ‘वड्ड’ म्हणजे मोठा. हिंदीतला ‘बडा’ त्याचाच भाऊ. विदर्भात तर हे समजायला कोश उघडायचीही गरज नाही. बाबांच्या थोरल्या भावाला आपण मोठे बाबा म्हणतो, त्यांच्या बायकोला मोठी आई. वडील म्हणजे हे मोठेपण, आणि त्यात आजी, पणजी सगळ्या येतात. उपार्जित म्हणजे मिळवलेलं. पणजीनं मिळवलेला अडकित्ता वडिलोपार्जितच. फक्त ‘वडीलोपार्जित’ असा दीर्घ ‘डी’ काढू नका. वडिलांचा, वडिलांनी, तसाच वडिलोपार्जित.

वडील हा प्राकृतातून आलेला, उपार्जित संस्कृत, म्हणून हा संधीच अशुद्ध असं सांगणारे एक अभ्यासक आहेत. त्यांनी एकदा कोर्टात जाऊन बसावं. तिथे वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित या दोन शब्दांवर घरंच्या घरं वाटली जातात आणि कोणाचंही अडत नाही. पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार काम करणारा शब्द शुद्धच असतो.

विंटेजबद्दल दोनच वाक्यं. तो मुळात द्राक्षतोडणीच्या हंगामाचा शब्द, आपल्या संत्र्याच्या मृग बहारासारखा, आणि दारूच्या बाटलीवरून जुन्या मोटारींवर, तिथून आता तुमच्या कपाटापर्यंत आला. ‘पुरातन’ मात्र उगाच वापरू नका, कारण १९७२च्या पुरावशेष कायद्यालाही साधारणपणे वस्तू शंभर वर्षांची व्हावी लागते, आणि लोक पन्नास वर्षांच्या रेडिओला पुरातन म्हणतात.

आता खरा शब्द. तुमच्या चिठ्ठीतला सगळ्यात देखणा शब्द ‘अडकित्ता’ आहे, आणि त्याबद्दल घरात कोणीच भांडलं नाही याचं मला वाईट वाटलं.

सुपारी अडकते म्हणून अडकित्ता, असं शाळेपासून ऐकत आलोय. मग ‘कित्ता’ कुठला? गिरवायचा कित्ता अरबीतून आलेला, त्याचा सुपारीशी काही संबंध नाही. सोपं उत्तर कानाला गोड लागतं म्हणून पुढे चालत राहतं, एवढंच.

कानडीत सुपारी म्हणजे अडके, काही ठिकाणी अडिके. कत्ति म्हणजे सुरी. दोन्ही जोडा, सुपारीची सुरी तयार. मग तो ‘कि’ कुठून आला? माझं म्हणणं असं, की मूळ ‘अडिकत्ती’ असावं आणि त्यातला इकार एक घर पुढे सरकला. नुकसानचं नुस्कान करणाऱ्या आपल्या जिभेला हे काही अवघड नाही. शेवटच्या ‘ती’चा ‘ता’ होणंही आपल्या सवयीचंच. सुरीचा सुरा, विळीचा विळा, तसा कत्तीचा कत्ता. काही जाणकार याची व्युत्पत्ती ‘कत्तरी’वरून, म्हणजे कात्रीवरून लावतात. मला ते पटत नाही. कात्रीत आपण ‘र’ नीट जपून ठेवला आहे, मग अडकित्त्यातच तो का गाळला असता? या एका ‘र’चं उत्तर द्या, मी माझं मत मागे घेतो.

तेलुगूत तो ‘र’ आहे, ‘अडकत्तेर’. तेलुगूत सुपारीला पोक किंवा वक्क म्हणतात, म्हणजे ‘अडक’ तिथेही पाहुणाच. आणि गंमत बघा, कोंडीत सापडलेल्या माणसाला तेलुगू बोलणारे ‘अडकत्तेरलो पोकचेक्क’ म्हणतात, अडकित्त्यातलं सुपारीचं खांड. आपणही अडकित्त्यात सापडलो म्हणतो. आपल्याच विदर्भाच्या टोकाला, सिरोंचाच्या बाजारात, दोन्ही भाषा एकाच दुकानात ऐकू येतात.

याहून मोठा आनंद पुढे आहे. मल्याळममधल्या ‘अडक्का’चं पोर्तुगिजांनी ‘अरेका’ केलं आणि १७५३ साली लिनियसनं पोफळीला नाव दिलं ते ‘अरेका कटेचू’. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या जागी जे नाव छापलंय, त्याचं सख्खं भावंड तुमच्या ट्रंकेत जुन्या लुगड्याखाली पडून होतं.

विदर्भात पोफळीच्या बागा नाहीत. तरी नागपूरच्या इतवारी बाजारात सुपारीची पोती उतरतात आणि पानठेल्यांवर दिवसभर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला जातो. सुपारी बाहेरून आली, तसे तिचे शब्दही दोन वाटांनी आले असं मी मानतो. भोसल्यांबरोबर अठराव्या शतकात जी घरं पश्चिमेकडून इकडे आली, त्यांच्याबरोबर ‘अडकित्ता’ आला. ‘सरोता’ म्हणजे तोच अडकित्ता, पण हा शब्द आला उत्तरेकडून, आणि १८६१पासून १९५६पर्यंत नागपूर हिंदीभाषक जबलपूर-रायपूरसकट एकाच प्रांताची राजधानी होतं, तेव्हा तो इथे पक्का रुजला. माझी आजी ‘सरोता आण वं बाई’ म्हणायची. तिच्या जावेच्या तोंडी मात्र अडकित्ता. दोघी एकाच पानाच्या डब्यातून पान खायच्या. सरोता हिंदी आहे, मराठीत लिहू नये, असा सल्ला मला एका पुणेकर तज्ज्ञांनी दिला होता. ज्या शब्दानं माझ्या आजीनं साठ वर्षं सुपारी कातरली, तो माझ्या मराठीतून काढायचा अधिकार मी कोणालाही देणार नाही.

तो पानाचा डबा आता नाही. घरात स्टील आलं तेव्हा गंगाळ, तांबे, पिंप आणि तो डबा हे सगळं इतवारीतल्या भांडे ओळीत मोडीत गेलं. अडकित्ता तेवढा परत आला. पितळेच्या दांड्यांत लोखंडी पातं रिबिटनं पक्कं बसवलेलं, आणि लोखंड काढल्याशिवाय दुकानदार पितळेचा भाव देईना. एवढ्याशा लोखंडापायी तो वाचला. आज हातात घेतला की खालच्या दांडीवर अंगठ्याच्या जागी नक्षी पुसून गुळगुळीत झालेली लागते. पात्याची धारही सगळीकडे सारखी गेलेली नाही. जिथे सुपारी धरायची तिथेच चंद्रकोरीएवढी खाच पडली आहे. तुमच्याकडच्यालाही असेल, बघा. चिंच लावून घासाल तर जपून घासा, ती अंगठ्याची जागा घासून नवी करायची नाही.

भावाला सांगा, वडिलोपार्जित बरोबर आहे. वस्तू नेमकी कुठून आली हेच दाखवायचं असेल तर ‘आजोळचा’ लिहा, तोही शब्द फार गोड आहे आणि हल्ली कोणी लिहीत नाही. आणि मला एवढं कळवा, तुमची आजी त्याला अडकित्ता म्हणायची की सरोता? आणि पणजीचं माहेर कुठलं?