चांगले वागले तरच देव आशीर्वाद देतो का? आणि वाईट करणाऱ्याला ‘आशीर्वाद द्या’ म्हणजे नेमके काय करायचे?

तुम्ही एकाच प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या आहेत: आशीर्वाद हा चांगल्या वागणुकीचा मोबदला असतो का, आणि ज्याने आपले वाईट केले त्याला आशीर्वाद द्यावा असे बायबल सांगते तेव्हा संसारी, नोकरदार माणसाने प्रत्यक्षात काय करायचे. मी धर्मगुरू नाही की ईश्वरविज्ञानाचा अभ्यासकही नाही. ख्रिस्ती घरात वाढलेला आणि शास्त्रवाचन रोज करणारा एक सामान्य विश्वासणारा आहे, तेव्हा उत्तर त्याच बेताने वाचावे.

पहिल्या भागाचे माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात देव अब्रामाला (पुढचा अब्राहाम) आशीर्वादाचे वचन देतो, तेव्हा त्याने कोणते पुण्यकर्म केले होते याचा तेथे उल्लेखही नाही. उलट त्याच अध्यायात, दुष्काळामुळे मिसर (इजिप्त) देशात गेल्यावर, हाच अब्राम जिवाच्या भीतीने आपली पत्नी साराय ही बहीण असल्याचे सांगतो आणि तिला संकटात लोटतो. आशीर्वाद आधी मिळालेला आहे आणि माणूस अजून कच्चाच आहे. अब्रामाचा नातू याकोब याच्या बाबतीत तर हे अधिकच ठसठशीतपणे दिसते. आंधळ्या झालेल्या बापासमोर थोरल्या भावाचे, एसावाचे, कपडे घालून, हातांना आणि मानेला करडांची कातडी लावून त्याने आशीर्वाद मिळवला, आणि मग भावाच्या रागापासून जीव वाचवण्यासाठी त्याला घर सोडून पळावे लागले. पुढची वीस वर्षे त्याने मामा लाबानाच्या घरी काढली. तेथे लग्नात राहेलऐवजी तिची बहीण लेआ देऊन त्याचीच फसवणूक झाली, आणि त्याची मजुरी दहा वेळा बदलली गेल्याची तक्रार त्याच्याच तोंडी आहे. एसावाला तोंड दाखवायला तो परत निघाला तेव्हा वाटेत एका अनोळखी पुरुषाशी रात्रभर झोंबी करून, मांडीचा सांधा निखळला तरी, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही असे म्हणणारा याकोब पूर्वीचा राहिलेला नव्हता. आशीर्वाद त्याला एकाच दिवशी बापापाशी मिळाला होता. शील घडायला मात्र वीस वर्षांची चाकरी लागली.

मग शीलाचे प्रयोजन काय, असे कोणीही विचारील. अब्रामाला दिलेल्या वचनातच त्याचे उत्तर आहे: तुला आशीर्वाद देईन आणि तुझ्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील. जे मिळाले ते पुढे पोहोचवायचे आहे, आणि पोहोचवणारा माणूस लबाड, रागीट किंवा स्वार्थी असेल तर ते त्याच्यापाशीच अडते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात चोराला केलेला उपदेश मला या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. चोराने चोरी सोडावी, एवढ्यावर तो उपदेश थांबत नाही. त्याने स्वतःच्या हातांनी कष्ट करावेत, आणि तेही अशासाठी की गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काहीतरी असावे. घेणारा हात देणारा होईपर्यंत तेथे त्याला पुरता बदललेला मानलेले नाही. (ख्रिस्ताला मानले की पैसा आणि आरोग्य आपोआप येते, असे सांगणाऱ्या शिकवणीबद्दल एकच वाक्य पुरेसे आहे: लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दीनांना धन्य म्हणतो आणि श्रीमंतांना धिक्कारतो, हे त्या शिकवणीत कोठे बसते ते मला अद्याप कोणी दाखवलेले नाही.)

आता तुमचा दुसरा आणि खरा कठीण भाग. शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, हे येशूचे सांगणे लूकच्या त्याच सहाव्या अध्यायात आहे. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात तेच म्हणतो आणि येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात वाइटाबद्दल वाईट, निंदेबद्दल निंदा करू नका, तर आशीर्वाद द्या असे लिहितो. पेत्राचे ते वाचक निंदा आणि छळ सोसणारे होते, काही जण तर कठोर धन्यांचे दास होते, हे लक्षात घेतले की हा उपदेश सुखवस्तू लोकांसाठी केलेला गोड उपदेश नव्हे हे कळते. माझ्या समजुतीप्रमाणे त्यात तीन कामे येतात: त्या माणसाविषयी पाठीमागे काय बोलतो ते सांभाळणे, त्याच्यासाठी प्रार्थना करणे, आणि त्याची गरज समोर आली तर ती भागवणे. तिसरे काम वगळले तर पहिली दोन पोकळ ठरतात. उघड्या आणि उपाशी भावाला ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणाऱ्यांची नव्या करारातील याकोबाच्या पत्राने (हा याकोब वेगळा) चांगलीच कानउघाडणी केली आहे.

एक अनुभव सांगतो. मी तयार केलेला एक अहवाल माझ्या एका सहकाऱ्याने वरिष्ठांपुढे स्वतःचा म्हणून मांडला. पुढे त्याच्या बढतीचा विषय निघाला तेव्हा साहेबांनी मला एकट्याला बोलावून, तो कामाला कसा आहे, असे विचारले. नाराज ग्राहकाला शांतपणे हाताळण्यात त्याचा हातखंडा आहे, हे खरे होते आणि ते मी सांगितले. तो अहवाल मात्र माझा होता, हेही मी त्याच बैठकीत कागद दाखवून सांगितले. त्या दिवसांत त्याची आई आजारी होती. मोघम प्रार्थना करणे सोपे असते, कारण त्यात त्या माणसाचा चेहरा आठवावा लागत नाही. म्हणून मी त्याचे नाव घेऊन, त्याच्या आईला रात्री शांत झोप लागावी आणि त्यालाही लागावी, एवढेच रोज मागत असे. पहिले काही दिवस शब्द अक्षरशः घशात अडकत, आणि तरीही ते म्हणणे मला ढोंग वाटले नाही. मनात राग असताना त्याचे भले मागणे म्हणजे खोटे बोलणे, असे अनेकांना वाटते. पण बायबलमधील स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे संतापाने भरलेली आहेत आणि तो सगळा संताप देवापुढेच ओतलेला आहे. राग देवाला सांगावा आणि त्या माणसाला भल्याने वागवावे, यात विसंगती नाही.

अहवाल माझा आहे हे सांगणे आशीर्वादाच्या विरुद्ध होते का, अशी शंका तुमच्या मनात येईल. मला तसे वाटत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रमुख याजकासमोर एक शिपाई येशूला चपराक मारतो, तेव्हा येशू त्याला विचारतो की मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि योग्य बोललो असेन तर मला का मारतोस. फिलिप्पै शहरात पौलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले होते; सकाळी गुपचूप सोडून देण्याचा निरोप आला तेव्हा आपण रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावले. घरात मारहाण होत असेल, पैशांची फसवणूक होत असेल किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल, तर ‘आशीर्वाद द्या’ या वचनाचा आधार घेऊन पीडिताला गप्प बसवणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे, मग तो करणारा कितीही मोठा उपदेशक असो.

सुरुवात कोठून करावी, असेही तुम्हाला वाटेल. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील नवव्या वचनापासून शेवटपर्यंतचा भाग रोज सावकाश वाचा आणि त्यातले एकच वचन त्या दिवसापुरते घरातल्या माणसांवर लागू करून पाहा. बाहेरच्या शत्रूशी आपण निदान विचार करून बोलतो. घरच्यांशी तेवढेही भान ठेवत नाही, म्हणून शीलाची खरी पारख तेथेच होते. त्याच भागातील अठराव्या वचनात पौल एक अट घालतो: साधेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितके, सर्वांशी शांततेने राहा. समोरच्याचे मन बदलण्याची जबाबदारी त्या अटीने आपल्यावरून काढून घेतली आहे. माझ्या त्या सहकाऱ्याने आजवर क्षमा मागितलेली नाही, आणि मीही तिची वाट पाहत बसलेलो नाही.