मोंतेपुल्चानो : एका दिवसाचे की मुक्कामाचे?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे सासूबाईंना घेऊन इटलीला जात आहोत. मोंतेपुल्चानो आणि भोवतीचा वाइनचा प्रदेश फ्लॉरेन्सहून एका दिवसात पाहून होईल का? सासूबाई वाइन घेत नाहीत. त्यांना तेथे काय पाहता येईल?

उत्तर : होईल, पण तसे करू नये, असा माझा आग्रह आहे. सुमारे ६०० मीटर उंचीवर, डोंगराच्या अरुंद माथ्यावर हे गाव वसले आहे. येथील ‘व्हिनो नोबिले’ या वाइनमध्ये किमान ७० टक्के सान्जोव्हेसे जातीची द्राक्षे असावी लागतात आणि ती निदान दोन वर्षे मुरवावी लागते. हे मुरवणे जुन्या वाड्यांखालच्या थंड तळघरांत, ओकच्या प्रचंड पिंपांत शतकानुशतके होत आले आहे. म्हणूनच गाव आणि मळे येथे वेगवेगळे पाहता येत नाहीत, आणि दोन्ही घाईने पाहिले तर हाती फारसे काही लागत नाही. दोन रात्री मुक्काम करा.

सासूबाईंना ही तळघरेही आवडतील, कारण ती पाहण्यासाठी वाइन चाखावीच लागते असे नाही. मात्र खालच्या वेशीपासून पियात्सा ग्रांदे या मुख्य चौकापर्यंतचा रस्ता सतत चढाचा असल्याने त्यांना वाहनाने वर न्यावे आणि उतरताना सावकाश चालत यावे. चौकातल्या कॅथीड्रलचा दर्शनी भाग अपुराच राहिला आहे, पण आत ताद्देओ दी बार्तोलो याचे १४०१ मधले मेरीच्या स्वर्गारोहणाचे भव्य चित्र आहे. तटाबाहेर, उताराखाली, आंतोनिओ दा सांगाल्लो (थोरला) याने १५१८ मध्ये बांधायला घेतलेले सान बिआजिओचे चर्च आहे. माझ्या मते या सहलीत एकच वास्तू पाहायची असेल तर ती हीच.

दुसरा दिवस पिएन्झासाठी ठेवा. पोप पायस दुसरा याने आपले हे जन्मगाव १४५९ पासून आदर्श नगर म्हणून नव्याने उभारले. तेथून दिसणारे ओर्चा खोरे २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मोंताल्चिनो हे वाइनचे दुसरे गाव या वेळी सोडून द्या.

मोटार भाड्याने घेणार असाल, तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत ठेवा आणि जुन्या गावाच्या प्रतिबंधित क्षेत्रात गाडी नेऊ नका, कारण तेथे दंड होतो. रक्तातील मद्याची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम इतकी कमी आहे. तेव्हा मळ्यांच्या दिवशी चालकासह गाडी ठरवणेच योग्य. रेल्वेने आल्यास क्युसी स्थानकावर उतरून पुढे बस घ्यावी.