नियमित प्रार्थना करूनही राग आवरत नाही, ख्रिस्ती माणसाने काय करावं?

तुम्ही विचारलंय, 'राग येतो म्हणजे माझा विश्वास कमी पडतो का?' नाही. हे तुमच्या डोक्यात कोणीतरी भरवलंय, आणि ते कसं भरवतात हे मी जवळून पाहिलंय.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सुगीच्या सणाला लिलाव होतो. लोक घरची बाजरी, कोंबड्या, अंडी, भोपळे आणतात, उपासनेनंतर बोली लागते, पैसा मंडळीच्या खात्यात जातो. (भोपळा बाजारात कधी मिळणार नाही त्या भावाला जातो, ती गंमत वेगळी.) एका वर्षी लिलावाची वही माझ्याकडे होती. पुढच्या रविवारी कमिटीतल्या एका गृहस्थांनी जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, वाचता वाचता सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा रक्कम कमी का भरली, यावर संबंधितांनी प्रार्थनापूर्वक विचार करावा." प्रार्थनापूर्वक! रक्कम कमी होती, कारण त्यांच्याच भावकीतल्या काहींनी जोरात बोली लावून पैसे दिलेच नव्हते. नावं वहीत होती, पुढे बाकी लिहिलेली होती.

माझे हातपाय थरथरत होते. बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, सोडून द्या. प्रभूने साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलीय. ख्रिस्ती बाईला इतका राग शोभत नाही." पाळकसाहेबांचंही, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचंही, तेच. पुढच्या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकरी-द्राक्षारस घेण्याचा विधी) आहे, मनात कटुता ठेवून येऊ नका.

त्याच संध्याकाळी वही घेऊन मी त्या गृहस्थांच्या घरी गेले. एकटीच. नवरा येतो म्हणत होता, त्याला नको म्हटलं. अपराध करणाऱ्याला एकांतात गाठून त्याचा दोष दाखव, असं बायबलमध्ये, मत्तय १८:१५ मध्ये, स्पष्ट लिहिलंय. साताच्या सत्तर वेळांचं वचन त्याच अध्यायात, त्यानंतर येतं. "मी तुमचं नाव कुठे घेतलं?" ते म्हणाले. म्हटलं, "काका, वही काय दहा जणींकडे होती?" आणि पानं पुढे केली. त्यांच्याआधी काकूंनीच ती वाचली, आणि त्या उठून आत गेल्या. पुढच्या रविवारी 'हिशेब बरोबर आहे' अशी जाहिरात झाली, मागच्या बाकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. माफी कोणी मागितली नाही. मी मात्र प्रभुभोजन घेतलं, आणि स्वस्थ मनाने घेतलं.

नणंद अजून म्हणते, मी घराण्याचं नाव घालवलं. तिला मत्तय ५:२३-२४ दाखवायचंय. ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्याने अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करायला जावं, असं तिथे आहे. म्हणजे उठायचं दुखावणाऱ्याने. आमच्याकडे मात्र दुखावलेल्यालाच उठवतात.

इफिस ४:२६ मधलं 'सूर्य मावळू नये' सगळ्यांना पाठ असतं. त्याच वचनाच्या सुरुवातीला 'रागावा, परंतु पाप करू नका' आहे, ते गिळून टाकतात. मार्क ३:५ मध्ये वाळलेल्या हाताचा माणूस समोर असताना येशू लोकांकडे रागाने बघतो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांचा तापटपणा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त मुळीच झाकलेला नाही. त्यांची गीतं आपण आजही गातोच ना?

तुमची रोजची चिडचिड, म्हणजे ट्रॅफिक, ऑफिस, पोरांचा अभ्यास, ही वेगळी गोष्ट. तिथे याकोब १:१९ पुरतं: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश. झोप पुरी करा, बीपी तपासून घ्या. देवावरच राग असेल तर त्यालाच सांगा. बायबलमधल्या योना संदेष्ट्याने सांगितला, आणि देवाने त्याला हाकललं नाही, उलट प्रश्न विचारला.

एक राहिलं. 'एकटे जाऊन बोला' हे मारणाऱ्या नवऱ्याला किंवा धमकावणाऱ्या माणसाला लागू नाही. तिथे आधी सुरक्षित जागा, मग मदत. आणि रागात तुमचाच हात उठत असेल तर माझं उत्तर सोडा, समुपदेशकाकडे जा.

यात नम्रता कुठे आहे, असं नणंद विचारेलच. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे पृथ्वीवरच्या सर्व माणसांत नम्र होता, असं गणना १२:३ म्हणतं, आणि लोक सोन्याचं वासरू पुजताना पाहून देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडणारा मोशे तोच. पुढे त्यानेच रागाच्या भरात खडकावर काठी मारली आणि त्याचा वचनदत्त देश हुकला, हेही खरं. तो मुद्दा नणंदेला अजून सुचलेला नाही.