ट्रॅकच्या गाडीला दारांची पॅनेले कशाची करावीत?

प्रश्न : माझ्याकडे मारुतीची जुनी झेन आहे. केवळ शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्यासाठी मी ती रिकामी करीत असून मागचे आसन, गालिचा, छताचे अस्तर आणि दारांचे मूळ पॅड काढून झाले आहेत. पुढच्या दोन पॅडचे वजन किराणा दुकानातल्या काट्यावर साडेतीन किलो भरले. आता दाराचा आतला पत्रा, सळया आणि भोके उघडी पडली आहेत. मित्र सनपॅकची, म्हणजे पोकळ प्लास्टिकच्या पुठ्ठ्याची शीट लावा म्हणतात, तर दुकानांच्या पाट्या करणारा कारागीर एसीपी, म्हणजे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली प्लास्टिकची शीट सुचवतो. स्वस्त आणि हलके असे काय बसवावे?
— एक वाचक, जालना

उत्तर : आपण वजन करून लिहिलेत, हे फार चांगले केलेत, कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या आकड्यातच आहे. झेनच्या पुढच्या एका दाराला साधारण अर्धा चौरस मीटर शीट लागते, म्हणजे दोन दारांना मिळून एक चौरस मीटर. तेवढ्या क्षेत्रफळाला 0.8 मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे 2.2 किलो भरतो. 2 मिलिमीटरचे एबीएस प्लास्टिकही जवळपास तितकेच आणि 3 मिलिमीटरचा प्लायवूड दोन किलोच्या आसपास. पाटीवाल्याची 3 मिलिमीटरची एसीपी मात्र साडेतीन ते चार किलोपर्यंत जाते, म्हणजे काढलेल्या पॅडइतकीच. शिवाय साध्या एसीपीच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिन भरलेले असते आणि ते पेटते. सनपॅक सर्वांत हलके आहे, एक किलोच्याही आत. तरीही मी ते सुचवणार नाही.

याचे कारण असे की रिकाम्या गाडीत दाराच्या पॅनेलचे खरे काम वजन वाचवण्याचे नसून झाकण्याचे आहे. आतल्या पत्र्याला कारखान्यात पाडलेल्या भोकांच्या कडा धारदार असतात, कुलुपाची सळई आणि काचेची यंत्रणा त्यामागे हलत असते, आणि गाडी आडवी आदळली तर चालकाचा कोपर नेमका त्याच जागी जातो. सनपॅक म्हणजे पन्हाळीच्या पुठ्ठ्यासारखे पोकळ पॉलिप्रोपिलीन, ते तेथे फाटते; आग लागली तर ते वितळून जळते थेंब खाली सांडते. एफआयए या मोटार-शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमावलीतील परिशिष्ट जे मध्ये, दाराची मूळ रचना न बदललेल्या गाड्यांसाठी, पॅनेल धातूच्या पत्र्याचे असल्यास किमान 0.5 मिलिमीटर, कार्बन फायबरचे असल्यास किमान 1 मिलिमीटर आणि अन्य कोणत्याही घट्ट व न जळणाऱ्या पदार्थाचे असल्यास किमान 2 मिलिमीटर जाडीचे असावे, अशी तरतूद आहे. आपण ज्या ट्रॅकवर किंवा स्पर्धेत उतरणार असाल तेथील नियम वेगळे असू शकतात, तेव्हा ते आधी मागवून वाचावेत; परंतु ‘न जळणाऱ्या’ हा शब्द घरच्या गाडीसाठीही मनात धरून ठेवावा. सनपॅक, प्लायवूड आणि एबीएस तिघेही तेथेच बाद होतात.

तेव्हा ॲल्युमिनियम घ्यावे, आणि त्यासाठी रेसिंगचे सामान विकणाऱ्या दुकानाकडे जाण्याची गरज नाही. कूलरचे खोके, धान्याच्या कोठ्या आणि पत्र्याच्या पेट्या करणारा कारागीर आपल्या जालन्यात सहज सापडेल. कड दुमडणे आणि सपाट पत्र्याला ताठपणा आणणे हे त्याच्या हातचे रोजचे काम आहे. एकच गोष्ट त्याला बजावून सांगावी, की हाताशी असलेला जस्ती पत्रा वापरू नको. जस्ती पत्रा म्हणजे पोलादच. अर्ध्या मिलिमीटरचाही चौरस मीटरला चार किलोच्या घरात जातो आणि आपली सगळी खटपट वाया जाते. 0.5 मिलिमीटरचे ॲल्युमिनियम नियमात बसते खरे, पण इंजिनाच्या थरथरीने ते डब्यासारखे वाजते. म्हणून 0.8 घ्यावे, पॅनेलच्या मध्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखी हलकी दुमड मारून घ्यावी, आणि चारही कडा सेंटिमीटरभर आत वळवून चेपून घ्याव्यात. कारागीर म्हणेल, ‘कड कशाला, रबराची बीडिंग लावू.’ बीडिंग उन्हाने सुटते. वळवलेली कड सुटत नाही.

नमुन्यासाठी जुना पॅड फेकू नये. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर पसरून त्यावर पॅड ठेवावा, कडेने पेन्सिल फिरवावी आणि क्लिपांच्या जागा खिळ्याने टोचून घ्याव्यात. काच वर-खाली करण्याची मूठ आपण काढली नसेल तर तिच्यामागे सुती चिंधी घालून दोन्ही टोके धरून पुढे-मागे ओढावीत. आतली क्लिप टक्कन उडते, ती हरवू नये म्हणून दुसऱ्याने हात आडवा धरावा.

बसवताना टोकदार स्क्रू मुळीच मारू नयेत. काच पूर्ण खाली केली की ती आतल्या पत्र्याच्या अगदी जवळून जाते आणि लांब स्क्रूचे टोक तिला घासते. दाराच्या पत्र्यात रिव्हेट-नट (भोकात दाबून पक्का बसणारा आट्यांचा नट) बसवून आखूड, गोल डोक्याचे बोल्ट वापरावेत. दाराला आठ पुरतात. पहिला बोल्ट आवळल्यावर काच एकदा खाली-वर करून बघावी, सगळे आवळून झाल्यावर नव्हे. मूळ पॅडमागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर नवा लावावा, कारण काचेच्या फटीतून दारात उतरणारे पाणी तो आत येऊ देत नाही आणि ते दाराच्या तळच्या भोकांतून बाहेर जाते. दार ओढून घेण्यासाठी जाड पट्टा लावणार असाल तर त्याचे बोल्ट पॅनेलला न बसवता दाराच्या पोलादी पत्र्यातच बसवावेत. आतून दार उघडण्याची कडी पूर्वीसारखीच हाताला लागली पाहिजे, आणि दारातली आडवी पोलादी तुळई वजनासाठी काढण्याचा मोह कोणी घातला तर त्याचे ऐकू नये.

आता हिशेब असा, की या सगळ्यातून आपले फार तर सव्वा किलो वाचणार आहे. एवढ्याशा बचतीसाठी महागड्या कार्बनच्या पॅनेलांचा विचार करणाऱ्यांचे मला नेहमी नवल वाटते. गाडीची नोंदणी अजून रस्त्यासाठी कायम असेल, तर गाडीत फेरफार करण्याआधी मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 पाहून घ्यावे.

प्रश्न : मी माझ्या ट्रॅकच्या गाडीला मार्चमध्ये सनबोर्डची पॅनेले घट्ट स्क्रू मारून बसवली. मे महिन्यात ती मधोमध फुगली आणि दोन स्क्रूंपाशी चिरली. बोर्ड हलक्या प्रतीचा निघाला का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : बोर्डाचा दोष नसावा. सनबोर्ड म्हणजे फेसाळ पीव्हीसी, आणि पीव्हीसी 75 ते 80 अंशांना मऊ पडू लागते. मे महिन्यात लातूरच्या उन्हात काचा बंद ठेवलेल्या गाडीत ऊन थेट पडणारे भाग त्याच्या जवळ पोहोचतात. त्यातच पीव्हीसी तापल्यावर ॲल्युमिनियमच्या दुपटीहून अधिक पसरते. दाराच्या लांबीइतका, म्हणजे सुमारे 90 सेंटिमीटरचा तुकडा 40 अंशांनी तापला तर तो दोनेक मिलिमीटर वाढतो; चारही बाजूंनी आवळलेला असल्याने त्याला जागा न मिळून तो मधोमध फुगतो. भोके लांबट करून मोठे वॉशर लावले तर फुगणे कमी होईल. पण जळताना पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, हे लक्षात घेता मी भोके लांबवण्याऐवजी तीच पॅनेले पत्र्यासाठी नमुना म्हणून कारागिराकडे नेईन. फुगलेली बाजू मात्र आधी वजनाखाली दाबून सपाट करून घ्यावी.