बाळ रडताना खोलीबाहेर जाणाऱ्या वडिलांसाठी

बाळ पाच आठवड्यांचे आहे, ते रडू लागले की डोके भणभणते म्हणून आपण गॅलरीत जाता आणि पत्नी म्हणते की तुम्हाला काही वाटतच नाही. आपण ऐरोलीहून लिहिलेले हे वाचताना मला घोडबंदर रस्त्यावरचे माझे पहिले वर्ष आठवले. भूक, ओले दुपटे, ढेकर हे सारे आपण पाहिलेच असेल.

मी डॉक्टर नाही. मात्र अमेरिकेतील एमरी विद्यापीठात वडिलांना रडणे ऐकवून मेंदूचे स्कॅन केले, तेव्हा सहानुभूतीशी संबंधित इन्शुला या भागाची प्रतिक्रिया मध्यम असलेले वडील संगोपनात अधिक गुंतलेले आढळले. फार मंद किंवा फार तीव्र प्रतिक्रिया असलेले मागे होते. तेव्हा आपले भणभणणे कदाचित फार वाटण्याचेही असेल.

माझी चूक वेगळी होती. पत्नी बाळंतपणाला साताऱ्याला माहेरी होती, मी एक रविवार सोडून जात असे आणि मुलगा रडला की तत्काळ सासूबाईंकडे देत असे. ठाण्यात आल्यावर तो माझ्याकडे शांत होईना, आणि हा निसर्गच आहे असे मी ठरवून टाकले. त्याआधी एका रुग्णालयाच्या प्रसूतीपूर्व वर्गात जोडप्याचे शुल्क घेऊनही मला दीड तास बाहेर बाकावर बसवले होते, याचा राग आजही जात नाही. रडणे साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते, एवढे एक वाक्य जरी कानावर पडले असते, तरी मी इतका खचलो नसतो.

फ्रान्समधील 2013 च्या अभ्यासात, रोज चार तासांहून अधिक वेळ बाळासोबत असणारे वडील स्वतःच्या बाळाचे रडणे आईइतकेच अचूक ओळखत होते. म्हणून माझे ठाम मत आहे की ठरलेली वेळ पूर्णपणे आपली असावी आणि त्या वेळात बाळ कोणाच्याही हाती देऊ नये. मुलीच्या वेळी संध्याकाळ मी घेतली, आणि तिचे झोपेचे कुरकुरणे मला महिनाभरात कळू लागले.

राग फारच चढला तर मात्र बाळाला पाळण्यात उताणे ठेवून पाच मिनिटे गॅलरीत जाणेच योग्य. त्याला कधीही गदागदा हलवू नये. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक असेल, तर या वयात लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

आपण केंद्र सरकारी नोकरीत असाल, तर 15 दिवसांची पितृत्व रजा जन्मापासून सहा महिन्यांत घेता येते. ती शिल्लक असल्यास आताच घ्यावी.