रविवारी देव जवळ वाटतो, सोमवारी कुठे जातो?

तुम्ही विचारलंय की रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत देव अगदी शेजारी असल्यासारखा वाटतो, पण सोमवारी कामाच्या धबडग्यात काहीच जाणवत नाही. मग दिवसभर त्याच्या सान्निध्यात राहायचं तरी कसं? मी वसईचा, रोजचा लोकलवाला, त्यामुळे प्रश्न चांगलाच ओळखीचा आहे.

देव जाणवला नाही म्हणजे तो नव्हता, असं धरून चालू नका. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातले ते अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोन शिष्य आठवा. मेलेल्यांतून उठलेला खुद्द येशू बरोबर चालतोय, शास्त्र उलगडून सांगतोय, आणि यांना पत्ताच नाही. त्याने भाकर मोडली तेव्हा ओळख पटली आणि मग म्हणाले, अरे, वाटेत तो बोलत होता तेव्हाच आपलं अंतःकरण पेटलं होतं की! त्यांनाही ते मागाहूनच उमगलं. म्हणून दिवसभर डोळे ताणून देव शोधण्यापेक्षा संध्याकाळी दिवसाकडे वळून बघणं मला जास्त जमतं.

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात हेच शिकवलं. आधी दिवसाबद्दल आभार, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, सकाळपासूनचे प्रसंग एकेक करून बघायचे, चुकलं असेल तिथे क्षमा मागायची आणि उद्याचा विचार करायचा. मी हे परतीच्या गाडीत करतो. भाईंदर गेलं, खाडीचा वारा लागला की सुरुवात. परवाचंच सांगतो. सकाळी खिडकीजवळच्या एका पोराने कानातले इअरफोनही न काढता, एक्स-रेचा मोठा लिफाफा छातीशी धरलेल्या आजोबांना जागा दिली. आजोबा बसले, लिफाफा मांडीवर आडवा ठेवला, झालं. तेव्हा मी ते नुसतं पाहिलं होतं. खाडीच्या पुलावर त्याबद्दल आभार मानले.

पण भर कामाच्या वेळी काय? तिथे मला ब्रदर लॉरेन्स जवळचे वाटतात. तरुणपणी सैनिक, नंतर पॅरिसच्या कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात स्वयंपाकी आणि पुढे चपला दुरुस्त करणारे. 1691 साली वारले. स्वयंपाकाची त्यांना मुळातच नावड होती, तरी भांड्यांच्या खणखणाटात ते देवाशी बोलत राहिले. त्यांची पत्रं वाचली तर धीर येतो, कारण पहिली दहाएक वर्षं फार जड गेली असं ते स्वतःच लिहितात. देवाचा विसर पडला की हळहळत बसायचं नाही, सरळ परत त्याच्याकडे वळायचं, ही त्यांची रीत. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत ‘प्रभू, आहेस ना’ एवढं म्हणायला कोण अडवतंय?

रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या चित्रांसह येणारी बायबलची वचनं मात्र मी उघडत नाही. वीस वचनं सरकवण्यापेक्षा एकच घेऊन दिवसभर घोळवलेलं बरं. आणि महिनोन्‌महिने प्रार्थनेत नुसता कोरडेपणा असेल, झोप उडाली असेल, तर फादरांशी बोला, डॉक्टरांशीही बोला. ते काही विश्वास कमी पडल्याचं लक्षण नाही.

घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होत असेल तर तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आमच्याकडे त्यावरून अजून वाद होतात, पण ठेवतात सगळे.